सेंद्रिय फळं-भाज्या: कशासाठी जादा पैसे मोजावेत, कशासाठी नाही?

ऋतुगंध

मंडळी, प्रश्न नेहमीचाच आहे, पण उत्तर नेमकं हवंय. सगळंच सेंद्रिय घेणं आम्हाला परवडत नाही आणि काहीच घेऊ नये हे मनाला पटत नाही. बाळाला आता वरचं अन्न सुरू झालंय, त्यामुळे हा विचार लांबणीवर टाकता येत नाही. निवड करायची तर ती कशाच्या आधारावर?

माझा आजवरचा ढोबळ नियम असा: पालेभाज्या आणि सालीसकट खायची फळं सेंद्रिय, सोलून खायचं ते साधं. पण यात बऱ्याच गोष्टी बसत नाहीत. बटाटा सोलतो, पण तो मातीतच वाढतो. काकडी कधी सोलतो, कधी नाही. गाजराचं काय? टोमॅटो तर रोज लागतो. ज्यांना शेतीतलं किंवा तपासणीतलं कळतं त्यांनी कृपया सविस्तर लिहा. 'सगळं विषच आहे' आणि 'सेंद्रिय म्हणजे निव्वळ फॅड' ही दोन्ही उत्तरं ऐकून झाली आहेत.

मेथीदाणा

कीडनाशकांचे अंश जास्त सापडणाऱ्या फळं-भाज्यांची अमेरिकेतली 'डर्टी डझन' यादी बघा. एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप ही संस्था दरवर्षी काढते. स्ट्रॉबेरी, पालक, द्राक्षं, सफरचंद, पीच, चेरी, नासपती वगैरे मंडळी त्यात वर्षानुवर्षं असतात. त्याच संस्थेची 'क्लीन फिफ्टीन' नावाची उलटी यादीही आहे: अव्होकाडो, मका, अननस, कांदा, पपई, कलिंगड, कोबी. पहिल्या यादीतलं सेंद्रिय घ्यायचं, दुसऱ्यातलं साधं. आम्ही तरी तेवढंच पाळतो.

कणाद

@मेथीदाणा, यादी उपयोगी आहेच, पण ती बनते कशी हे माहीत असेल तर जास्त उपयोगी.

तिचा कच्चा माल अमेरिकेच्या कृषी खात्याचा आहे. १९९१ पासून त्यांचा 'पेस्टिसाइड डेटा प्रोग्राम' चालू आहे. त्यात नमुने आधी धुतात, सोलायचं असेल ते सोलतात आणि मग तपासतात. म्हणजे केळ्याचा गर तपासला जातो, साल नाही. या आकड्यांवरून ती संस्था क्रम लावते. बरीच वर्षं या क्रमात मुख्य भर होता तो किती नमुन्यांत कीडनाशकांचे अंश सापडले आणि एकेका नमुन्यात किती प्रकारचे सापडले यावर. आता अंश सापडणं आणि तो अपाय करण्याइतका असणं यांत फार अंतर आहे. आजची उपकरणं अब्जात एक भाग इतकं सूक्ष्म प्रमाणही पकडतात. त्याच सरकारी कार्यक्रमाच्या अहवालांत ९९ टक्क्यांहून जास्त नमुने कायदेशीर मर्यादेच्या आत निघतात, हेही लक्षात घ्यायला हवं.

२०११ मध्ये विंटर आणि कॅट्झ या दोन संशोधकांनी 'डर्टी डझन'मधल्या बारा पिकांची तपासणी 'जर्नल ऑफ टॉक्सिकॉलॉजी'त मांडली. प्रत्येक पिकावर सर्वांत जास्त वेळा सापडणारी दहा कीडनाशकं घेतली, ती खाण्यातून रोज किती पोटात जातात याचा अंदाज बांधला आणि आयुष्यभर रोज घेतली तरी चालेल अशी जी मात्रा ठरवलेली असते तिच्याशी ताडून पाहिलं. १२० जोड्यांपैकी एकच जोडी त्या मात्रेच्या १ टक्क्याच्या पुढे गेली. ढोबळी मिरचीवरचं मेथामिडोफॉस, तेही २ टक्क्यांपर्यंत.

मग निवड करूच नये का? माझ्या मते करावी, आणि कारणं अशी. ही सुरक्षित मात्रा बहुतेक वेळा एकेका रसायनाची स्वतंत्र काढतात. ताटात मात्र चार-सहा रसायनं एकत्र येतात. बाळ आपल्या वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा बरंच जास्त खातं, आणि तेच तेच चार पदार्थ खातं. शिवाय वरचे आकडे त्या एका देशाच्या देखरेखीखालच्या शेतीचे आहेत. जिथे फवारणीवर कुणाचं लक्ष नाही तिथे ते जसेच्या तसे लावणं धाडसाचं ठरेल.

म्हणून यादी पाठ करण्यापेक्षा ते पीक कसं वाढतं आणि कसं काढतात हे समजून घ्या. कुठेही राहात असलात तरी उपयोगी पडेल. शेतातले कुणी इथे असतील तर त्यांनी लिहावं, मी प्रयोगशाळेच्या बाजूचा माणूस आहे.

बांधावरून

कणादसाहेबांनी हाक मारलीच आहे तर लिहितो. भाजीपाला आणि द्राक्षं दोन्ही केली आहेत, रासायनिकही आणि आता काही क्षेत्र सेंद्रिय.

ऋतुगंधताई, साल हा एक मुद्दा झाला. त्याच्याइतकाच मोठा मुद्दा, जो खाणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही, तो तोड्याचा. पीक एकदाच काढायचं आहे की पुन्हा पुन्हा तोडायचं आहे?

प्रत्येक औषधाच्या लेबलवर एक प्रतीक्षा काळ दिलेला असतो. फवारल्यावर इतके दिवस माल काढायचा नाही. कशाला तीन दिवस, कशाला सात, कशाला पंधरा, काहींना त्याहून जास्त. कांदा, बटाटा, भोपळा, लसूण ही पिकं एकदाच काढतात. कांद्याची तर पात पडायला लागली की फवारणी आपोआप थांबते, त्यानंतर काढणी, मग सुकवणी. औषधाला विरायला भरपूर वेळ मिळतो.

आता भेंडी बघा. एकदा तोडा सुरू झाला की दिवसाआड तोडावीच लागते, नाहीतर निबर होते. त्याच झाडावर कळी, फूल, कोवळी भेंडी आणि तोडायला आलेली भेंडी हे सगळं एकाच वेळी असतं. अळी आली तर फवारणी करायची कधी? आज फवारलं तर परवाचा माल सोडून द्यावा लागतो, आणि भाव असताना माल सोडून द्यायला काळीज लागतं. काकडी, मिरची, वांगी, चवळीच्या शेंगा, घेवडा, टोमॅटो, स्ट्रॉबेरी, सगळ्यांचं हेच गणित आहे. वांग्यात तर शेंडा आणि फळ पोखरणारी अळी एकदा फळात शिरली की वरच्या औषधाला दाद देत नाही, म्हणून शेतकरी ती शिरायच्या आधीच वरचेवर फवारतो. प्रतीक्षा काळ पाळणारे शेतकरी आहेत, पुष्कळ आहेत. पण कुठल्या पिकात तो पाळणं जास्त अवघड आहे, हे विचाराल तर उत्तर हे.

द्राक्षाचं वेगळं. तिथे तोडा एकदाच, पण भुरी आणि केवडा या बुरशीच्या रोगांमुळे हंगामभर बुरशीनाशकं मारावी लागतात. घड दाट, आतल्या मण्यांपर्यंत धुण्याचं पाणी पोचत नाही.

पालेभाजीचा मुद्दा पानाच्या क्षेत्रफळाचा. वजनाला हलकी, पण पानं पसरली तर केवढा पृष्ठभाग! सगळ्यावर फवारा बसतो आणि सगळंच आपण खातो. शिवाय पीक महिना-दीड महिन्यात निघतं, म्हणजे औषध विरायला वेळ कमी.

निशिगंधा

बांधावरून, प्रतिसाद फार आवडला. तोड्याचा मुद्दा मी कुठेच वाचला नव्हता.

पण कणाद, मर्यादेच्या आत म्हणजे सुरक्षित, यावर माझा इतका विश्वास नाही. कारण मर्यादा बदलतात, आणि पुष्कळदा खाली येतात. डीसीपीए नावाचं तणनाशक घ्या. कोबीवर्गीय भाज्यांत आणि कांद्यात अमेरिकेत कितीतरी दशकं वापरलं गेलं. युरोपीय संघाने ते २००९ मध्ये बंद केलं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये तातडीचा आदेश काढून थांबवलं, कारण पोटातल्या बाळाच्या थायरॉइड संप्रेरकांवर परिणाम होण्याचा धोका दिसला. त्याआधी ज्या गरोदर बाया शेतात काम करत होत्या किंवा ती भाजी खात होत्या, त्यांना त्या वेळी सगळं नियमांत आहे असंच सांगितलं जात होतं ना?

आणि लहान मुलांबद्दलचा पुरावा आहे. २००६ मध्ये सिएटलच्या भागातल्या २३ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीचं अन्न बदलून पाच दिवस सेंद्रिय दिलं, तर लघवीतले मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरीफॉस या कीडनाशकांचे अंश लगेच जवळजवळ नाहीसे झाले, आणि जुनं अन्न सुरू केल्यावर परत आले. लहान मुलासाठी मी तरी कुठलाही हिशेब करणार नाही, शक्य तेवढं सगळं सेंद्रिय.

कणाद

निशिगंधाताई, अभ्यास बरोबर सांगितलात. तो एवढं नक्की दाखवतो की अन्न बदललं की शरीरात जाणारं कीडनाशक झपाट्याने घटतं. त्यामुळे मूल कमी आजारी पडेल का, हे मात्र तो दाखवत नाही. त्यासाठी मोठ्या माणसांवरचे दीर्घकाळाचे अभ्यास बघावे लागतात आणि तिथे उत्तर एकमुखी नाही. ब्रिटनच्या 'मिलियन विमेन स्टडी'त सहा लाखांहून जास्त स्त्रिया होत्या. २०१४ मध्ये त्याचा निष्कर्ष आला की सेंद्रिय खाणाऱ्यांत एकूण कर्करोगाचं प्रमाण कमी नव्हतं, फक्त नॉन-हॉजकिन लिंफोमा हा एक प्रकारचा कर्करोग कमी आढळला. २०१८ च्या फ्रान्समधल्या जवळपास ६९ हजार लोकांच्या अभ्यासात मात्र सर्वांत जास्त सेंद्रिय खाणाऱ्यांत कर्करोगाचं प्रमाण २५ टक्क्यांनी कमी निघालं. सेंद्रिय खाणारे लोक एरवीही जास्त भाज्या खातात, व्यायाम करतात, धूम्रपान कमी करतात. संशोधकांनी या गोष्टी हिशेबात घेतल्या, तरी त्या पूर्णपणे वजा करता येत नाहीत.

डीसीपीएबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने मुलांच्या आहारातल्या कीडनाशकांवर अहवाल दिला, आणि १९९६ मध्ये तिथल्या कायद्यात मुलांसाठी आणखी दहा पट सावधगिरी धरण्याची तरतूद आली. तोवर मुलं म्हणजे लहान आकाराची प्रौढ माणसं असं समजूनच गणित मांडलं जात होतं. म्हणून गरोदर बाई आणि लहान मूल घरात असेल तर निवडीची रेघ थोडी पुढे ओढावी, याला माझं अनुमोदन.

फक्त एक भीती वाटते. 'सगळं सेंद्रिय नाहीतर काही नाही' असं ठरवलं की घरातल्या भाज्या आणि फळंच कमी होतात. महाग म्हणून सफरचंद आणलंच नाही आणि त्याऐवजी बिस्किट दिलं, तर त्या मुलाचा तोटाच झाला. साध्या सफरचंदाचा फायदा त्यावरच्या अंशांच्या जोखमीपेक्षा मोठा आहे, याबद्दल मला तरी शंका नाही.

मेथीदाणा

+१. शेवटचा परिच्छेद तर मोठ्या अक्षरांत लिहायला हवा.

पोषणाचं काय पण? सेंद्रिय जास्त पौष्टिक असतं का?

कणाद

थोडक्यात सांगतो. २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने त्या वेळपर्यंतचे अभ्यास एकत्र तपासले. जीवनसत्त्वांत ठोस फरक दिसला नाही. अंश सापडण्याचं प्रमाण मात्र सेंद्रियात ७ टक्के आणि साध्यात ३८ टक्के. २०१४ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या गटाने ३४३ शोधनिबंध एकत्र केले. त्यांना सेंद्रियात अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम हा विषारी धातू कमी आढळला. पौष्टिकतेसाठी म्हणून मी जादा पैसे देणार नाही. अंश कमी हवेत म्हणून देईन. आणि त्या ७ टक्क्यांकडेही लक्ष असू द्या, तो आकडा शून्य नाही.

पाटपाणी

आता खरी मेख. पाटीवर 'सेंद्रिय' लिहिलंय म्हणून ते सेंद्रिय कसं मानायचं? माझ्या ओळखीत एकाने 'नैसर्गिक' असं लिहिलेलं महागडं पालक घेतलं. विक्रेत्याला कुठलं प्रमाणपत्र म्हणून विचारलं तर म्हणाला, पानाला भोकं आहेत बघा, हाच पुरावा.

बांधावरून

भोकं हा पुरावा नव्हे. अळीने पान खाल्ल्यावरच तर शेतकरी फवारतो. भोकं आधीची असतात, औषध नंतरचं असतं. तसंच वेडीवाकडी, बारकी फळं म्हणजे सेंद्रिय, हेही खरं नाही. परागीकरण नीट झालं नाही, पाण्याचा ताण बसला, तर रासायनिक शेतातली काकडीही वाकडी येते.

प्रमाणपत्राबद्दल दोन गोष्टी सांगतो. प्रमाणपत्र मिळतं ते शेती करण्याच्या पद्धतीला. निरीक्षक येतो, वह्या बघतो, बियाणं, खतं, फवारणीच्या नोंदी, शेजारच्या शेतापासूनचं अंतर तपासतो, अधूनमधून नमुना घेतो. प्रत्येक पेटीची तपासणी होते असं नाही. दुसरी गोष्ट रूपांतराचा काळ. रासायनिक शेत आज सोडलं आणि उद्या सेंद्रिय झालं असं होत नाही. बहुतेक नियमांत हंगामी पिकांना दोन ते तीन वर्षं आणि फळबागेला तीन वर्षं लागतात. विचारायचंच असेल तर हे विचारा: प्रमाणपत्र कुणाच्या नावाचं, कुठल्या गटाचं, कुठल्या पिकांचं, मुदत कधीपर्यंत? प्रमाणपत्र कांद्याचं आणि विक्री स्ट्रॉबेरीची, असेही प्रकार होतात.

आणि सेंद्रिय म्हणजे फवारणी नाही, असा गैरसमज काढून टाका. आम्हीही फवारतो. निंबोळी अर्क, बीटी (अळ्या मारणारा जिवाणू), गंधक, ताम्रयुक्त बुरशीनाशकं, काही ठिकाणी स्पिनोसॅड (जिवाणूपासून मिळणारं कीटकनाशक). बरीचशी लवकर विरतात, पण तांबं विरत नाही, मातीत साठत जातं. म्हणून युरोपीय संघाने तांब्याच्या वापरावर मर्यादा घातली आहे. जो शेतकरी विचारल्यावर 'आम्ही काहीच मारत नाही' म्हणतो त्याच्यापेक्षा 'यंदा हे हे मारलं' असं सांगणाऱ्यावर मी जास्त विश्वास ठेवीन.

पाटपाणी

म्हणजे प्रमाणपत्र नसलेला, पण ओळखीचा, शेत दाखवणारा शेतकरी चालेल?

बांधावरून

माझ्या मते उत्तम. लहान शेतकऱ्याला प्रमाणपत्राचा खर्च आणि कागदपत्रं झेपत नाहीत म्हणून तो घेत नाही, असंही असतं. त्याला कीड कशी आवरतो एवढं विचारा. खरोखर करणारा माणूस थांबत नाही, सापळे, मित्रकीटक, पिकांची फेरपालट, सगळं सांगत बसतो. न करणाऱ्याचं उत्तर एका वाक्यात संपतं. हे माझं वैयक्तिक मत.

शोधक

घरी तपासायच्या पट्ट्या मिळतात, त्या कशा?

कणाद

कीडनाशकामुळे एका विकराचं (एन्झाइमचं) काम अडतं का, एवढंच त्या बहुतेक बघतात, म्हणून ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या कीडनाशकांच्या दोनच गटांचा माग लागतो. बुरशीनाशकं, निओनिकोटिनॉइड, पायरेथ्रॉइड या इतर गटांपैकी काही कळत नाही. पट्टी स्वच्छ निघाली म्हणजे माल स्वच्छ, असं समजू नये. मोठ्या विक्रेत्याकडे एकाच चाचणीत शेकडो घटक तपासणारा अहवाल मागता येतो. देणारे देतात.

ऋतुगंध

किती माहिती मिळतेय, सगळ्यांचे मनापासून आभार. धुण्याबद्दल विचारायचं राहिलं. साधी भाजी घेतली तर ती नीट धुवून किती फरक पडतो? मीठ, व्हिनेगर, हळद, बाजारातली धुण्याची द्रावणं, जो तो वेगळं सांगतो.

शोधक

यावर एक चांगला अभ्यास आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला, २०१७ चा. सफरचंदावर दोन कीडनाशकं लावली, थायाबेंडाझोल आणि फॉस्मेट. दिवसभर ठेवून मग धुतलं: नळाचं पाणी, ब्लीचचं द्रावण आणि खाण्याचा सोडा. सोडा जिंकला. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम सोडा, म्हणजे साधारण दोन सपाट चमचे, आणि त्यात १२ ते १५ मिनिटं. सालीच्या पृष्ठभागावरचं औषध निघून गेलं.

पण पुढचं वाचा. थायाबेंडाझोल २० टक्के आणि फॉस्मेट ४.४ टक्के सालीत आत शिरलेलं होतं, ते कशानेच निघालं नाही. तेवढ्यापुरतं सोलणं हाच उपाय, आणि सोललं की सालीतला चोथा आणि इतर पोषकं जातात.

धुण्याच्या तयार द्रावणांबद्दल: कनेटिकटच्या कृषी संशोधन केंद्राच्या प्रयोगात वाहत्या पाण्यात चोळून धुतल्यावर बऱ्याच कीडनाशकांचे अंश घटले आणि तयार द्रावणांनी त्याहून जास्त काही साधलं नाही. साबणाने मात्र भाजी धुवू नका. भाजी साबण शोषते आणि तोच पोटात जातो.

बांधावरून

शोधक, अगदी बरोबर. शेतकऱ्याच्या भाषेत औषधं दोन प्रकारची, स्पर्शजन्य आणि आंतरप्रवाही. पहिलं पृष्ठभागावर बसतं, चोळून धुतलं की बरंचसं निघतं. दुसरं झाड आत ओढून घेतं, रसातून पानात-फळात फिरतं. ते धुऊन निघत नाही. मावा, तुडतुडे, पांढरी माशी अशा रस शोषणाऱ्या किडींवर आंतरप्रवाहीच जास्त चालतात, आणि या किडी भेंडी, मिरची, टोमॅटो, वांगी यांवर भरपूर येतात. म्हणून पुन्हा पुन्हा तोडायची पिकं मी वरच्या क्रमांकावर ठेवतो. तिथे धुण्याचाही मर्यादितच उपयोग.

निशिगंधा

आणि केळं? त्याची जाड साल असते म्हणून सगळे साधंच घ्या म्हणतात. पण मोठ्या निर्यातीच्या केळीबागांवर काळ्या सिगाटोका रोगासाठी विमानातून बुरशीनाशकं फवारतात. आपल्या ताटातला गर स्वच्छ असेल, पण खाली काम करणाऱ्यांचं काय? त्यांच्या वस्तीतल्या पाण्याचं काय? आपल्या पोटात काय जातं, एवढाच हिशेब मला अपुरा वाटतो.

बांधावरून

ताई, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. खाणाऱ्याच्या वाट्याला जे येतं त्याच्या कितीतरी पट फवारणाऱ्याच्या अंगावर येतं. पाठीवरचा पंप गळतो, उन्हात मास्क लावून काम होत नाही, वारा फिरला की फवारा तोंडावर. सेंद्रियाकडे मी वळलो ते गिऱ्हाइकासाठी नाही, घरच्या आणि कामाच्या माणसांसाठी वळलो. ज्यांना परवडतं त्यांनी या कारणासाठी सेंद्रिय केळं घेतलं तर ते वाया गेलं असं मी म्हणणार नाही.

कणाद

मान्य. मग हिशेब दोन ठेवा: एक ताटाचा, एक शेताचा. ज्यांना बजेट आहे त्यांनी दोन्ही बघावेत. ऋतुगंधताईंसारखी ज्यांची ओढाताण आहे त्यांनी आधी ताटाचा, आणि तोही मुलाच्या ताटाचा.

आता त्यांनी पहिल्याच प्रतिसादात विचारलेल्या कंद-मुळांबद्दल, कारण ते मागेच पडलं.

बटाटा: शेतातल्या फवारणीपेक्षा साठवणुकीतलं औषध बघावं लागतं. कोंब येऊ नयेत म्हणून क्लोरप्रोफाम वापरायची पद्धत जगात बऱ्याच ठिकाणी होती आणि काही ठिकाणी अजून आहे. युरोपीय संघाने २०१९ मध्ये त्याची मान्यता वाढवली नाही. २०२५ च्या 'डर्टी डझन'मध्ये बटाटा आला तो यामुळेच. हे बहुतांश सालीतच राहतं. सोलून खात असाल तर साधा घ्या. सालीसकट भाजून, उकडून खाणार असाल तर सेंद्रिय किंवा साठवणुकीत न गेलेला नवा बटाटा.

गाजर: वरची साल खरवडली की बरंच काम होतं. पण बाळाला रोज गाजर देत असाल तर सेंद्रिय घ्या, कारण एकच पदार्थ रोज आहे.

काकडी आणि भोपळावर्गीय सगळी फळं: यांची मुळं मातीतली जुनी, टिकाऊ क्लोरीनयुक्त कीडनाशकं इतर पिकांपेक्षा जास्त ओढून घेतात. उदाहरणार्थ डिल्ड्रिन, आणि डीडीटीपासून बनणारं डीडीई. ही औषधं बऱ्याच ठिकाणी कित्येक दशकांपूर्वी बंद झाली, तरी मातीत आहेत. त्यामुळे एखाद्या सेंद्रिय शेतातल्या काकडीतही ती सापडू शकतात, आणि शेतकऱ्याचा त्यात काही दोष नसतो. तरीही काकडी कच्ची आणि सालीसकट खात असाल तर आजच्या फवारणीचा विचार करून सेंद्रिय किंवा सोललेली बरी.

लिंबू-संत्री: रस काढणार असाल तर साधी चालतील. साल किसून वापरणार असाल तर सेंद्रियच, कारण काढणीनंतर सालीवर इमाझालिलसारखी बुरशीनाशकं लावतात आणि ती मुद्दाम टिकणारी असतात.

टोमॅटो: शिजवायचा असेल तर धुवून साधा. कोशिंबिरीत कच्चा आणि रोज असेल तर सेंद्रियाचा विचार करावा. तोड्याचा मुद्दा इथे लागू पडतोच.

कोबी-फ्लॉवर: कोबीची बाहेरची दोन-चार पानं काढली की आतला गड्डा बऱ्यापैकी स्वच्छ असतो. फ्लॉवरची गोष्ट वेगळी, फुलांच्या खाचांत फवारा साठतो आणि धुणं कठीण. जमलं तर तुरे सुटे करून धुवा.

कांदा, लसूण, मक्याचं कणीस, अननस, कलिंगड, पपई, सोललेले मटार: यांवर जादा पैसे घालवू नका. अव्होकाडो आणि मका यांच्या दोन टक्क्यांहून कमी नमुन्यांत अंश सापडतात.

मेथीदाणा

गोठवलेलं सेंद्रिय कसं? आमच्याकडे ताज्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं.

शोधक

बेरी आणि पालक यांच्यासाठी उत्तम. काढल्यावर लगेच गोठवतात त्यामुळे जीवनसत्त्वंही बऱ्यापैकी टिकतात. पालक गोठवण्याआधी धुवून गरम पाण्यातून काढलेला असतो. फक्त बेरी कच्च्या देणार असाल, विशेषतः लहान मुलाला, तर एक उकळी काढून घ्या. गोठवलेल्या बेरींतून नोरोव्हायरस आणि कावीळ 'अ' यांच्या साथी पसरल्याची उदाहरणं आहेत. सेंद्रिय असण्या-नसण्याचा त्याच्याशी संबंध नाही.

ऋतुगंध

सगळं वाचून आमच्या घरापुरतं असं ठरवलंय. बाळ जे रोज खातं ते आधी सेंद्रिय, मग ते कुठलंही असो: सध्या सफरचंद, गाजर, पालक. त्यानंतर सालीसकट खायची आणि पुन्हा पुन्हा तोडायची: द्राक्षं, ढोबळी मिरची, भेंडी, घेवडा. उरलेलं सगळं साधं, पण वाहत्या पाण्यात चोळून. सफरचंद साधं आणावं लागलं तर सोड्याच्या पाण्यात, आणि बाळासाठी सोलून. एका आठवड्यात सेंद्रिय मिळालं नाही तर भाजी चुकवायची नाही, साधी आणायची.

एकच शंका उरली. बाळासाठी पालक एकदम शिजवून, वाटून दोन-तीन दिवसांचा ठेवला तर चालेल ना? सेंद्रिय पालक रोज आणणं होत नाही.

कणाद

बाहेर अजिबात ठेवू नका. पालकात नायट्रेट मुळातच भरपूर असतं, सेंद्रियातही असतं. शिजवून वाटलेला पालक बाहेर राहिला तर जिवाणू त्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, आणि ते लहान बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी करतं. फ्रिजमध्ये ठेवलात तरी त्याच दिवशी संपवा. जास्त करायचा असेल तर वाटल्या वाटल्या छोट्या वाट्यांत गोठवा, लागेल तेवढी एकच वाटी काढून गरम करा, उरलं तर टाकून द्या. आणि पालक रोज देण्यापेक्षा एक दिवस पालक, एक दिवस भोपळा, एक दिवस मटार असं फिरवा. तुमचा सेंद्रियाचा खर्चही त्याने कमी होईल.